आईच्या हातची गोळी

सिकलसेलची कॅप्सूल मी रोज आईच्या हातूनच घेते. वय चोवीस, सोनपेठला कपड्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना साड्या दाखवते, तरी आईचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. तिची पूजा झाली, आम्हा लिंगायतांचं गळ्यातलं इष्टलिंग पुन्हा वस्त्रात बांधलं, की ती गोळी देणार आणि गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसणार.

आजार जन्माचा, तो जात नाही. पण या गोळीने दोन वर्षं हाडांचं ते जीवघेणं दुखणं जवळजवळ थांबलं होतं. यंदा मात्र गणपतीपासून दिवाळीपर्यंत तीनदा सलाईन लागलं.

परभणीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "गोळी चालू असली की रक्तातल्या पेशी मोठ्या होतात. तुमच्या परत लहान झाल्यात. गोळ्या चुकल्या का?"

मला रागच आला. "एक दिवससुद्धा नाही! आईला विचारा."

आई खाली बघत होती. डॉक्टर म्हणाले, "मग डोस वाढवू."

परतीच्या एसटीत माझं डोकं चालेना. औषध घेऊनही लागू पडत नसेल, तर पुढे काय? मी रडले, खोटं कशाला सांगू. पिंगळी आलं तेव्हा आई हळूच म्हणाली, "चार महिने झाले, तू ती गोळी खाल्लीच न्हाईस."

शेजारणीने तिला सांगितलं होतं, कॅप्सूलचं टरफल जनावरापासून करतात. आमच्या घरात अंडंही येत नाही. श्रावण लागला तशा तिने कॅप्सूल डब्यात ठेवल्या आणि मला शक्तीच्या गोळ्या दिल्या. 'कंपनी बदलली' म्हणाली, मी गिळल्या.

"तुझ्यासाठीच उपास धरलेत बाई, कार्तिक सरंपोत. असल्या गोळीला हात लावून ते बाटले तर देव कसा पावंल?"

ओरडावं, तर उपास माझ्यासाठी. गप्प बसावं, तर गरज नसताना वाढवलेला डोस माझ्याच पोटात जाणार. आणि तिन्ही सलाईनच्या वेळी उशाशी हीच बसली होती. तेव्हा तिला काहीच कळलं नसेल? मला अजून उलगडा होत नाही.

मी कंडक्टरला गाडी थांबवायला लावली. आम्ही परभणीला माघारी गेलो.

"साहेब, पोरगी खरं बोलली. चुकी माझी हाय," आई म्हणाली. डॉक्टरांनी डोस खोडून जुनाच लिहिला आणि तिला चांगलंच झापलं. मला ते सोसवेना. मी उलट त्यांच्याशीच भांडले, आता बोला!

दुसऱ्या दिवशी तिचे उपास चालूच होते. पूजा आटोपल्यावर, ज्या तळहातावर ती लिंग घेते, त्याच तळहातावर तिने कॅप्सूल ठेवली आणि बराच वेळ बघत राहिली. मग हात माझ्यापुढे केला. "खा. पाप लागलं तर मला लागू दे."

मी गिळली. त्या दिवशी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मीच तिच्यासमोर बसून आ केला आणि जीभ दाखवली.