किंचाळी शेवटी

स्टुडिओत त्यांना सगळे डरकाळीताई म्हणत. उंची जेमतेम पाच फूट, पण ॲनिमेशनच्या तीन सिनेमांत दलदलीतल्या त्या अजस्र प्राण्याचा आवाज यांचाच. थिएटरात पोरं घाबरून आईला बिलगत, तेव्हा ही बाई घरी भांडी घासत असे. कामाचा त्यांचा एकच नियम होता: किंचाळी शेवटी. आधी संवाद, मग हुंकार, आणि घसा फाडायचा तो घरी निघताना. मग रात्रभर घशाला विसावा, कारण सकाळी नवऱ्याला पेपर वाचून दाखवायचा असे.

नवरा जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेला, आणि मग दोन्ही डोळे गेलेला. डोळे गेले तरी खोड गेली नाही. ताई वाचत आणि ते चुका काढत.

"तिथे स्वल्पविराम असणार. गिळलास तू."

"अहो, भूक लागली होती," ताई म्हणत.

पुढे घसा बसायला लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "आणखी एक राक्षस केलात तर आवाज परत येईलच असं नाही." ताईंनी नवऱ्याला शब्द दिला, "संपलं. आता फक्त पेपर."

चौथ्या सिनेमासाठी निर्मात्याने बडा नट घेतला. पेपरात वाद रंगला. एक म्हणे, नटामुळे सिनेमा चालतो. दुसरा म्हणे, कार्टूनमागे ओरडणं हा काय अभिनय? ताईंनी तेही वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता.

पंधरा दिवसांनी दिग्दर्शकाचा फोन आला. "ताई, साहेबांचे संवाद झकास झालेत. पण किंचाळले की शेळी ओरडल्यासारखं वाटतं. तेवढ्या किंचाळ्या द्या. नाव मात्र त्यांचंच राहील."

नाही म्हणायला हवं होतं. शहाणपण सगळ्यांना नंतरच सुचतं. पण आपण वाढवलेल्या प्राण्याच्या तोंडी शेळी? ते काही त्यांना सोसेना. "भाजी घेऊन येते हो," असं नवऱ्याला सांगून त्या बाहेर पडल्या.

त्या दिवशी संवाद नाहीत, हुंकार नाहीत, नुसत्या किंचाळ्या. प्राणी मरतो तेव्हाची सतराव्या खेपेला मनासारखी झाली. काचेपलीकडे सगळे उभे राहिले. "झालं ना?" असं ताई विचारायला गेल्या, तर तोंडातून नुसती हवा आली.

हवाच राहिली. आता आवाज येणार नाही, हे डॉक्टरांनी एकट्या ताईंना सांगितलं. नवऱ्याला कळवायचं कसं? बोलावं तर आवाज नाही, लिहावं तर त्यांना दिसत नाही, आणि दुसऱ्याकडून सांगवावं तर मोडलेला शब्दही त्याच्याच तोंडून कळणार. तळहातावर एकदा बोट टेकवलं की हो, दोनदा की नाही, एवढीच भाषा उरली. दुखणं बळावलंय, असं ते समजून चालले. पेपर त्यांनी चालूच ठेवला. "घसा सुटला की सगळे एकदम वाच," म्हणत. कोपऱ्यातला गठ्ठा वाढत गेला, आणि त्याच्याकडे बघून ताईंना मेल्याहून मेल्यासारखं होई.

सिनेमा लागला तेव्हा त्यांनीच नवऱ्याला हाताला धरून दुपारच्या खेळाला नेलं. नटाचे संवाद ते कंटाळून ऐकत होते. शेवटी प्राणी किंचाळला, तसे ताठ झाले. मागून कोणीतरी म्हणालं, "याला म्हणतात नट! आवाज देणाऱ्यांना जमेल का हे?"

"अहो, ती माझी बायको आहे!" ते मोठ्याने म्हणाले. आजूबाजूला हशा पिकला.

हसू ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "भाजी आणायला गेलीस, त्या दिवशी?"

ताईंनी त्यांच्या तळहातावर एकदा बोट टेकवलं.

लोक उठून गेले तरी ते बसून होते. "एकही चूक नाही," एवढंच म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांच्या तोंडून ताईंनी पहिल्यांदा ऐकलं.

घरी आल्यावर ते चाचपडत कोपऱ्यात गेले. गठ्ठा कंबरेपर्यंत आला होता. त्यावर हात ठेवून म्हणाले, "पेपर उद्यापासून बंद करू. आणि हे रद्दीत देऊन टाक. देशील ना?"

दुसरा तळहात त्यांनी पुढे केला. ताईंनी त्यावर एकदा बोट टेकवलं.