दगडाखालची मोजणी

ऑफिसात तिला सगळे भिंगवाली म्हणायचे. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिची सव्वीस वर्षं झाली होती आणि त्यातली बरीचशी गुडघाभर ओढ्यात उभं राहून गेली होती. दर महिन्याला ओढ्यावरच्या पाच जागी जायचं, बाटल्या भरायच्या, पाण्यात प्राणवायू किती विरघळलाय ते काठावरच पाहायचं, हे तिचं काम. पण तिचा जीव होता दगडांत. प्रवाहात जाळी धरून ती दगड चोळायची, जाळीत आलेला ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायची आणि भिंगाखाली एकेक जीव मोजायची. परत आली की साहेब म्हणायचे, "आल्या बाई जनगणना करून! काय, सगळे घरी होते ना?"

ती हसायची, पण आपला हेका सोडायची नाही. "साहेब, बाटलीतलं पाणी त्या घटकेपुरतं बोलतं. किडा महिनोन्‌महिने तिथेच राहतो. त्याला सगळं ठाऊक असतं."

तिने लग्न केलं नव्हतं. मोठा भाऊ, वहिनी आणि ती, असं तिघांचं दोन खोल्यांचं घर. दादा ओढ्याच्या वरच्या अंगाला, कापड रंगवण्याच्या कारखान्यात सांडपाण्याच्या हौदांवर कामाला होता.

एका वर्षी तिसऱ्या जागेवर काहीतरी बिनसलं. मागच्या टोकाला केसासारख्या तीन शेपट्या असलेले बारीक किडे तिथे भरपूर असायचे. स्वच्छ पाण्याशिवाय ते जगत नाहीत. एका महिन्यात ते एक्केचाळीस निघाले, पुढच्या महिन्यात बारा, मग एकही नाही. ट्रेमध्ये नुसते लाल गांडुळासारखे जीव वळवळत होते, घाणीत फोफावणारे. बाटल्यांतलं पाणी मात्र चांगलं निघत होतं.

"आकडे मर्यादेत आहेत ना?" साहेब म्हणाले. "मग चार किडे गेले म्हणून कोण रडतंय?"

संध्याकाळी जेवताना तिने ते घरी सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला.

"तू मंगळवारी येतेस," तो ताटाकडे बघत म्हणाला. "रविवारी कोण येतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मालक सांगतात आणि मी व्हॉल्व्ह फिरवतो. आता ऐकलंस, सोडून दे."

"दादा, मला कशाला सांगितलंस?"

"तू विचारलंस म्हणून. तुझ्याशी खोटं बोलायची सवय नाही मला."

तीन आठवडे तिला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या रविवारी ती एकटीच बाटल्या घेऊन गेली. तिसऱ्या जागेवर पाणी जांभळं वाहत होतं आणि मासे काठाशी येऊन तोंडं वर काढत होते. अहवालात तिने भावाचं नाव लिहिलं नाही, पण त्याने काय फरक पडणार होता? चौकशी लागली तेव्हा मालकांनी एका कामगाराच्या हलगर्जीपणावर बोट ठेवलं. कारखाना दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झाला, दादाशिवाय.

घरी बसल्याच्या पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "माझ्या जागी दुसरा कुणी असता, तरी लिहिलं असतंस?"

"हो."

"मग मी भाऊ असून काय उपयोग झाला?"

त्यानंतर तो तिच्याशी थेट बोलला नाही. हाताच्या अंतरावर बसून बायकोला म्हणायचा, "तिला विचार, पेपर वाचून झाला का." तीही मग वहिनींनाच उत्तर द्यायची. वहिनी करवादायच्या, "मी काय पोस्टमन आहे का तुमची?" पण निरोप पोचवायच्या. असं सव्वातीन वर्षं चाललं.

मग दादाच्या यकृताचं दुखणं निघालं. एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेल्या आणि खाटेशी ती एकटीच उरली. निरोप द्यायला मध्ये कुणी नव्हतं. त्याने छताकडे बघतच विचारलं,

"आता काही निघतं का दगडाखाली?"

ती मंगळवारीच जाऊन आली होती. पाणी सुधारलं होतं, पण रंगाचा गाळ दगडांच्या फटींत घट्ट बसला होता. चार गोगलगायी निघाल्या होत्या, बस्स.

"निघतात," ती म्हणाली. "तीन शेपट्यांचे. अकरा."

"अकरा म्हणजे बरे की."

"बरेच."

त्याने डोळे मिटले. पाचव्या दिवशी तो गेला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगायच्या, "जाण्याआधी बहिणीशी बोलले हो. ओढा सुधारला ऐकून जिवाला बरं वाटलं त्यांच्या." साहेबही आले होते. महिन्याचा तक्ता त्यांच्याच सहीने पुढे गेला होता, त्यात तीन शेपट्यांच्या किड्यांच्या रकान्यात शून्य होतं. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

निवृत्त होईपर्यंत आणखी पाच वर्षं ती तिसऱ्या जागेवर जात राहिली. तक्त्यात दर वेळी शून्यच लिहीत होती. घरी भाजी निवडताना वहिनी मध्येच विचारायच्या, "वन्सं, ते अकरा आता किती झाले हो?"

ती काहीतरी आकडा सांगायची. तो मागच्यापेक्षा थोडा जास्त असेल, एवढीच काळजी घ्यायची.