बसा आता पानावर

कमळवन्सं गेल्याचं सांगायला त्यांची शेजारीण देवीबाई अंबरनाथहून आमच्याकडे बदलापूरला स्वतः आली. उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "दादी चली गई, भाभी..." मग जरा थांबून हळूच, "कुत्ते रो नहीं रहे. बस बैठे हैं."

वन्सं म्हणजे माझी नणंद. ऐन तिशीत विधवा झाल्या, दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहिल्या. दुसरी मोठी लढाई संपून जवळच्या छावणीतलं लष्कर निघून गेलं, बराकींत सिंधी निर्वासित आले. देवीबाई त्यांच्यातलीच, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं वन्संना 'दादी' म्हणायची. पण लष्कराच्या खरकट्यावर वाढलेली कुत्री तिथंच राहिली. माणसांनाच पुरेसं मिळेना, तिथं त्यांना कोण विचारतो? त्यातलं एक लंगडं वन्संच्या दारात आलं आणि मग रांगच लागली. रेशनच्या जाड्याभरड्या ज्वारीच्या भाकऱ्या थापून त्यांचे हात काळे पडले. शेजारी भांडायचे, घरमालक जागा सोडा म्हणायचा. आणि मी? मी तर तोंडाळच. "वन्सं, आता पाट-रांगोळी तेवढी राहिली!" म्हणायचे.

खरी भीती विषाची होती. कुत्री मारायला माणसं येत, गल्लीत मटणाचे तुकडे टाकून जात. वन्संनी त्यावर तोड काढली. थाळी ठेवायची, पण "बसा आता पानावर" म्हटल्याशिवाय तोंड लावू द्यायचं नाही. लावलं की थाळी उचलायची. महिनाभर हेच. एका दुपारी मी तिथं असताना विष पडलं. गल्लीतली चार कुत्री तडफडून मेली. वन्संची सातही त्या तुकड्यांभोवती गोल बसून होती आणि घराकडे बघत होती. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

त्या दिवशी वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या आवाजाचीही सवय लावू या त्यांना. मी आज आहे, उद्या नाही."

"मला नका बाई कुत्र्यांची पंगत वाढायला लावू," मी फटकन म्हणाले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

देवीबाईबरोबर आम्ही पोचलो. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात पडलेल्या होत्या. संध्याकाळी थाळ्या मांडून आत वळल्या असाव्यात, ते शब्द म्हणायचे राहूनच गेले. ओसरीवर सात भरल्या थाळ्या, भाकरीला मुंग्या लागलेल्या आणि प्रत्येक थाळीपुढे एक कुत्रं.

अंत्यविधी उरकून आल्यावर मी ताज्या भाकऱ्या कुस्करल्या आणि म्हणाले, "बसा आता पानावर." साती जणांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. ह्यांनी म्हणून पाहिलं, देवीबाईनं तिच्या मोडक्या मराठीत म्हणून पाहिलं. छे! दुसऱ्या दिवशी मी लंगड्याच्या तोंडात घास कोंबला, तो त्यानं अलगद बाहेर ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याला उठवेना. वन्संनी बारा वर्षं जगवलेले जीव माझ्या एका फटकळ बोलण्यापायी डोळ्यांदेखत मरणार होते.

त्या संध्याकाळी थाळ्या मांडल्या आणि मला रडू फुटलं. दाराकडे वळून मी म्हणाले, "चुकलं हो माझं, वन्सं. आता तुम्हीच सांगा त्यांना..." आणि बाजूला झाले.

देवीबाई ओसरीच्या पायरीवर होती, हे अंगणात. कुणीही बोललं नाही. चूल विझलेली होती, वारा नव्हता. एकाएकी साती जणांचे कान उभे राहिले. लंगड्यानं पडल्या पडल्या शेपटी आपटली. मग सगळ्यांनी एकदमच माना खाली घातल्या आणि खायला लागले. देवीबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

महिना होत आला, मी बदलापूरला परत गेलेले नाही. ह्यांचा जेवणाचा डबा इथूनच जातो. रोज पाचच्या सुमारास थाळ्या मांडते, स्वयंपाकघराचं दार सताड उघडते आणि त्यांच्या रांगेतच, लंगड्याशेजारी, खाली बसते. मी श्वास रोखून ऐकत राहते. कान उभे राहतात, माना खाली जातात. रोज साती जणांना हाक येते... मला अजून एकदाही आलेली नाही.