शिकागोची वज्री

असला गाढवपणा माणूस आयुष्यात एकदाच करतो. मी तो नेमका सासरच्या माणसाच्या बाबतीत केला!

एक्याऐंशी-ब्याऐंशी साल असेल. आमच्या इंदिरानगरात तेव्हा घरं कमी आणि मळे जास्त. माझा मेहुणा दिलीप शिकागोहून आला, आमच्याकडे बॅग टाकली आणि पुण्याला सासुरवाडीला निघाला. जाता जाता म्हणाला, "दाजी, बॅगेत तुमच्यासाठी शर्ट आहे, काढून घ्या."

शर्ट काढला. त्याच्याखाली टॉवेलात गुंडाळलेली भाजक्या मातीची एक वस्तू! तळहाताएवढी, वर पानाफुलांची खरखरीत नक्षी. आता तुम्हीच सांगा, टॉवेलात काय असणार? पाय घासायची वज्री! तीसुद्धा अमेरिकन!

"अहो, त्याला विचारा तरी," बायको म्हणाली.

"वज्रीसाठी काय ट्रंक कॉल लावू?"

आणि काय घासायची हो ती! आठ दिवसांत टाचा लोण्यासारख्या. ऑफिसात मी त्यावर व्याख्यानच दिलं. शेजारचे गुलाबाच्या मळ्यातले निवृत्तीकाका दोन दिवस मागून घेऊन गेले. परत देताना म्हणाले, "लय भारी हाय! आमची म्हैस बी चकाचक निघाली!"

पंधरा दिवसांनी दिलीप परतला. बॅग उघडली.

"दाजी, इथला तुकडा कुठंय?"

"कसला तुकडा?"

"अहो, शिकागोतल्या जुन्या उंच इमारतींना दर्शनी बाजूला भाजक्या मातीची नक्षी असते. एक इमारत पाडत होते. तासभर थंडीत उभा राहिलो, मुकादमाच्या हातापाया पडलो, तेव्हा मिळाला. रविवारी आमच्या ड्रॉइंगच्या सरांचा निरोप समारंभ आहे ना, त्यांना द्यायचाय."

बायको थेट न्हाणीघराकडे बघायला लागली.

मी तो तुकडा आणून दिला. पानं गेलेली, फुलं गेलेली. पेढ्यासारखा गुळगुळीत! वर साबणाचा वास.

"मला... वज्री वाटली रे."

दिलीपनं तुकड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "ऐंशी वर्षं बर्फ, वारा, धूर खाल्लाय यानं. एक पाकळी झिजली नव्हती, दाजी!"

तरी पठ्ठ्यानं रविवारी तोच तुकडा सरांना दिला. सरांनी उलटसुलट करून पाहिला. "वा! पण नक्षी कुठाय रे?"

दिलीपनं भर सभेत पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. "सर, ती आमच्या दाजींच्या टाचांनी खाल्ली."

सरांनी चष्मा पुसला, खाली वाकून बघायला लागले.

आणि मी शहाणा! मी खरंच चप्पल काढली हो!