अकराचे पावणे

आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या अफसाना मुजावर मॅडम शनिवारी तास संपले की मुलींना थांबवून घेतात. उपग्रह कक्षेत कसा टिकतो, इंजिनात काय जळतं, मुलाखतीत कसं बोलायचं, सगळं शिकवतात. मी तिथला मुख्य लिपिक. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे, म्हणून हे मला ठाऊक.

एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी टोमणा मारला, "मॅडम, पोरी अवकाशात धाडायच्या आधी त्यांना एसटीत जागा धरायला शिकवा."

"जागा लागत न्हाय त्यांना," मॅडम म्हणाल्या. "पेठ वडगावपासनं उभ्यानंच येत्यात."

त्यातलीच एक अंतरा, शेवटच्या वर्षाला होती. रॉकेट बनवणाऱ्या बंगळूरच्या एका कंपनीत प्रशिक्षणासाठी तिची मुलाखत होती. अकरा वाजता, कॉलेजातून, लॅपटॉपवर. त्या दिवशी सकाळीच तिचा मॅडमना फोन आला.

"मॅडम, मला बघाय पावणं येणार हायत. बाबा सोडत न्हाईत."

मॅडमनी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटर काढली.

अंतराचे वडील जोतीराम दारातच भेटले. "आज जमायचं न्हाय मॅडम. पावणं अकराला येणार."

"आमचं पावणं बी अकरालाच हायत. बंगळूरचं. त्येंनी आधी सांगावा धाडलाय."

"मग मुलाकडच्यांना काय सांगू?"

"नंबर लावून बसा म्हणावं."

मॅडम सरळ स्वयंपाकघरात गेल्या. पिठाच्या डब्यावर लॅपटॉप मांडला, साडी नेसलेल्या अंतराला समोर बसवलं आणि स्वतः दारात खुर्ची टाकली. मुलाकडची मंडळी आली. पोहे आतच अडकले. आतून अंतराचा आवाज येत होता, "सर, हे मला माहीत नाही. पण कसं शोधून काढीन ते सांगते."

मुलाचे मामा वैतागले. "आम्ही किती येळ बसायचं?"

"तुम्ही काय इचारणार तिला?" मॅडम म्हणाल्या.

"नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का."

"तेवढं तिला पाठ हाय. आतल्यांचं होऊ द्या."

मंडळी उठून गेली. जोतीराम त्यांच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेले.

पुढच्या आठवड्यात ते कॉलेजात आले आणि मोबाइल मॅडमपुढे धरला. "पोरीनं दावलं. तिच्यावर इस्वास हाय, पण तुमच्या तोंडनं ऐकतो."

मॅडमनी बंगळूरचा मेल वाचला. "पोरगी पसंत हाय म्हणत्यात."

"आणि देणंघेणं?"

"तेच देणार. दर म्हैन्याला."

जोतीरामांनी मोबाइल खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "त्या पावण्यांचा परत फोन आलता."

"येऊ द्यात की," मॅडम म्हणाल्या. "फकस्त ह्या खेपेला आधी तिला सुट्टी कधी हाय ते इचारून या म्हणावं."