आत न्हाणं चाललंय

चाकणच्या कांदाबाजारात तात्याबांचा चेहरा फारसा कुणी बघत नसे. आडत्यासाठी माल पारखणारा त्यांचा हात तेवढा सगळे ओळखत. शेतकऱ्यानं गोणीच्या तोंडाशी लालबुंद, गरगरीत कांदे रचून आणावेत आणि तात्याबांनी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालावा, थेट बुडाशी. तळातला नासका कांदा दोन बोटांत धरून ते वर काढत आणि मालकाच्या नाकासमोर नेऊन विचारत, "ह्यो पावना कुठला रं?" मालक जमिनीकडे बघे, आडत्या खूश होई. 'तात्याबांना कुणी फसवलं' असं बाजारानं कधी ऐकलं नव्हतं, आणि हे नाव हीच तात्याबांची इस्टेट होती.

दुसरी इस्टेट त्यांनी एकोणीसशे पंचावन्न साली केली. तोवर बिऱ्हाड माळावरच्या वस्तीत, विहीर अर्ध्या कोसावर. त्यांच्या बायकोनं, तानाबाईनं, वीस वर्षं डोक्यावरून हंडे वाहिले. तेव्हा पेठेतल्या बाळाजीशेठ दुकानदाराचं घर विकायला निघालंय, मुलाला पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी लागल्यामुळे शेठ तिकडे चाललेत, हे कळताच तात्याबा धावले.

"पाण्याला तोटा नाही बघा ह्या घरात," बाळाजीशेठ म्हणाले. परसात आड होता. आणि वाक्य अक्षर न् अक्षर खरं होतं, हे पुढे कळायचं होतं.

तात्याबांनी घर गोणीसारखं तपासलं. तुळयांवर बुक्क्या मारल्या, कौल काढून उन्हात धरलं, भिंतींचे कोपरे हुंगले. राहिली फक्त मोरी. तिच्या तोंडाशी ओलं लुगडं टांगलेलं आणि आतून पाण्याचा आवाज.

"आत सून न्हातीय," शेठ म्हणाले. तात्याबा तिथल्या तिथे पाठमोरे झाले. भला माणूस दुसरं काय करणार?

दुसऱ्या खेपेला गेले तर आत शेठच्या आई. तिसऱ्या खेपेला, "पाहुणे आलेत, आत न्हाणं चाललंय." या वेळी तर तांब्यावर तांब्या चालला होता आणि मधूनच घसा खाकरल्याचाही आवाज येत होता. तात्याबांना संशय सोडाच, कौतुक वाटलं. काय स्वच्छ कुटुंब!

घरी तानाबाईनं विचारलं, "मोरी कशी हाय?"

"लई वापरातली हाय," तात्याबा म्हणाले.

तिला घर दाखवायला काही ते घेऊन गेले नाहीत. व्यवहाराच्या कामात बाईमाणसाला काय कळतं? खरेदीखत वाचताना कारकुनानं नेहमीच्या सुरात म्हटलं, "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाणासह..." आणि तात्याबा एकेका शब्दाला पसंतीची मान डोलवत गेले.

राहायला आल्याच्या पहिल्याच सकाळी तानाबाई आंघोळ करून उठली तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं. थोडा वेळ ते सभ्यपणे थांबलं, मग स्वयंपाकघरात आलं. तात्याबांनी बाही सारून मोरीच्या भोकात हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि दगडाला लागला. या खेपेला बुडाशी पोचायला जरा उशीर झाला होता.

आठवड्यानं बाळाजीशेठ बाजारात भेटले. तात्याबांनी त्यांना गोणींच्या थप्पीआड ओढलं. शेठ शांतपणे म्हणाले, "अहो, जल दिलंय की तुम्हाला. कागदात पहिलाच शब्द आहे."

मोरीचं पाणी पूर्वी शेजारच्या सोपानरावांच्या परसातून ओढ्याला जाई. सोपानरावांनी तिथे गोठा बांधला आणि वाट बुजली. आता ती उघडायची तर सोपानरावांना सांगायला हवं. आणि सोपानराव बाजारात मापाडी. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट गोणी काट्यावर चढायच्या आत सगळ्या बाजारात पोचे. म्हणून तात्याबांनी ठरवलं, सांगायचं नाही. तानाबाईनं झुंजूमुंजू व्हायच्या आत बादल्या भरून मोरीचं पाणी ओढ्याला टाकून यावं, म्हणजे झालं.

तिनं महिनाभर टाकलं. मग एके दिवशी बादली दारातच ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"वीस वर्सं पानी आनलं, आता पानी न्हेते. बदल केलासा खरा तुमी. आवं, माळावर हंडा घरात आला की काम सपायचं तरी! सोपानरावांस्नी सांगा, न्हाईतर मी निगाले वस्तीवर."

ती बोलत होती तेव्हा तिची कंबर सरळ होत नव्हती. तात्याबांनी ते पाहिलं आणि फेटा न बांधताच ते शेजारी गेले.

सोपानराव पान लावत होते. तात्याबांनी एका दमात सगळं सांगितलं आणि हसण्याची वाट बघत मान खाली घातली. हसू ऐकू आलं नाही. सोपानराव चुना बोटावर तसाच धरून बसले होते.

"तात्याबा, एक सांगू का? रागावू नका, राव."

"बोला."

"तुमी तिसऱ्यांदा आलासा, तवा आत न्हानारा... मी हुतो."

"तुमी?"

"शेठच्या घरातली मान्सं सपली हुती वो! बाळाजी रोज गोठ्यापायी डोकं खायाचा. म्हनला, एक डाव न्हाऊन घ्या, कायमचा जातो. मी सकाळी घरी न्हालो हुतो, परत न्हालो. तुमी तुळया बडवत बसला घटकाभर, मला निघता यीना; तुंबलेलं तेच पानी परत परत अंगावर घेत बसलो. चार दिस पडसं झालं."

तात्याबांच्या मिशा आधी हलल्या, मग खांदे. दोघेही इतके हसले, की सोपानरावांचं पान लावायचं राहूनच गेलं.

"खोदा गोठ्यातनं," सोपानराव डोळे पुसत म्हणाले. "उद्याच खोदा."

उतार तानाबाईनं ठरवला. गवंडी दोरी लावी, ती तांब्याभर पाणी ओते आणि म्हणे, "हितं थांबतंय. आनि चार बोटं खाली." संध्याकाळी मोरीतलं पाणी गडगडत ओढ्याकडे निघालं तेव्हा ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली, महिन्याभरात पहिल्यांदाच निवांत.

सोपानरावांच्या पोटात आपली आंघोळ तरी कुठली राहायला? दोन दिवसांत बाजाराला कळलं. तात्याबांनी गोणीत हात घातला की मागून कुणीतरी ओरडे, "लागलं का पाणी?" पंधरवडाभर चाललं. कांद्यांवरचा अधिकार मात्र कुणी काढून घेतला नाही.

महिन्याभरानं सायकल दुरुस्त करणारा गुलजार आडतीवर आला. "चाचा, काळेवाडीला एक घर बघितलंय. घ्यावं म्हणतो."

तात्याबा उठले, बाही वर सारली. "चल, बघू."

गुलजारनं मान खाजवली. "तसं नाही चाचा... तुम्ही कशाला तकलीफ घेता? चाचींना पाठवा ना."

घरी येऊन तात्याबांनी निरोप सांगितला, अगदी जसाच्या तसा. तानाबाईनं लुगड्याचा काष्टा नीट केला.

"मी बी येऊ का?" तात्याबांनी विचारलं.

"या की. पर वट्यावर बसायचं."

तात्याबा फेटा बांधायला लागले.