नाक गळणारी भिंत

आमच्या आत्याला अख्खी गल्ली ‘धुमस’ म्हणते, आणि ती त्या हाकेला खुशाल ओ देते. माती चोपायचं जड धुमस घेऊन तिने उभा जन्म पाइपांचे चर बुजवले. हातभर माती, थोडं पाणी, चोप, मग पुढचा थर. मुकादम घाई करू लागला की ती धुमस त्याच्याच हातात द्यायची. त्यापायी तिला कैकदा कामावरून काढलं आणि तितक्यांदा परत बोलावलं.

तिचे यजमान, आमचे आतोबा, गवंडी. त्यांचा गिलावा गुळगुळीत आणि स्वभाव खरबरीत. घरामागच्या उतारावर लेकीसाठी खोली काढायची ठरली. उतार अडवायला भिंत त्यांनी बांधली, तिच्यामागचा भराव आत्याने घातला. पाणी बाहेर पडावं म्हणून भिंतीच्या पायाशी तिने हट्टाने भोकं ठेवायला लावली. वर बांधायची घाई नको, असंही तिने बजावलं. आधी माती बसू दे, नाहीतर घर बसेल. तोवर बाळंतपणाला आलेल्या लेकीचा पाळणा मागच्या खोलीत टांगला. खोली आणि ती भिंत यांच्यात एक माणूस जाईल एवढीच बोळ होती.

पहिल्या सरींनंतर भोकांतून तांबडे ओघळ उतरले. बाळ बघायला आलेले पाहुणे हसले, म्हणाले, भिंतीचं नाक गळतंय. आतोबांच्या ते जिव्हारी लागलं. आत्या बाजारात गेल्याची संधी साधून त्यांनी भोकं लिंपली आणि वरून रंगाचा हात मारला.

मग पावसाची झड लागली. बोळीवर पत्रा होता; भोकांचं पाणी नेणारं तिथलं गटार मात्र कोरडं. जेवताना आत्या म्हणाली, “कुठेतरी पाणी मुरतंय.”

आतोबांचा घास हातातच राहिला. या वयात बाबांनी काय दिवे लावले, अशा नजरेने लेक त्यांच्याकडे बघू लागली. इतक्या वर्षांच्या संसारात कधी संशय घेतला नाहीस, आणि आज लेकीसमोर, म्हणून आतोबा तडकले. आत्या हात धुऊन बोळीत गेली. बिचारी खरंच पाण्याबद्दल बोलत होती.

भिंतीला पोट सुटलं होतं आणि भोकांचा पत्ता नव्हता. तिने लेकीला बाळ घेऊन समोरच्या घरी पिटाळलं आणि पहार आणली. आतोबा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. भिंतीला हात लावलास तर याद राख, म्हणाले.

“भिंत तुमची, पाळणा माझा,” आत्या म्हणाली. “सरकायचं तर सरका. नाही सरकलात तरी भोक तिथेच पडणार आहे.”

ते सरकले, पण पुरेसे नाही. तिसऱ्या घावाला गढूळ पाण्याची चिळकांडी सुटली ती थेट त्यांच्या सदऱ्यावर. आत्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पुढचं भोक फोडत होती. त्यांनी ‘चुकलो’ म्हटलं नाही, याचा मला अजून राग आहे. पण पाऊस ओसरल्यावर त्यांनीच त्या भोकांत पाइपाचे तुकडे बसवले.

भराव पुढे वीतभर खाली गेला. तो थांबल्यावरच आत्याने वरची खोली बांधू दिली. परवा रंगारी आला आणि ही भोकं बुजवून भिंत छान करून देतो म्हणाला. आत्या पहार शोधायला उठली. तेवढ्यात आतोबा भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

“हात लावू नकोस,” ते रंगाऱ्याला म्हणाले. “नाक दाबलं की तोंड उघडतं. हिचं तोंड आमच्या पाळण्यावर उघडणार होतं.”